बटण्यानं खाल्लेले आठ चौकोन

या, अशा जवळ या. दारापाशी बसलात तर निम्मी गोष्ट रस्त्यावर सांडेल. पाय मोकळे करा. कुणाच्या मांडीवर पोर झोपलं असेल तर झोपू द्या, त्याला उद्या तुम्हीच सांगा. आज राजा नाही, राणी नाही, राक्षसही नाही. एक म्हातारा आहे, त्याची लेक आहे आणि एक कुत्रा आहे. एका सकाळी या तिघांच्या घरात एवढंसं खोटं शिरलं, आणि दिवस कलेपर्यंत ते केवढं झालं, ते ऐका.

म्हातारा धंद्यानं घड्याळजी. पुढच्या खोलीत खिडकीला लावून त्याचं टेबल. टेबलावर चिमटे, सुईएवढे पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग, आणि काचेच्या पेल्यांखाली झाकून ठेवलेली उघडी घड्याळं. भिंतीवर लंबकाची सात घड्याळं, आणि सातही एका ठोक्याला बोलायची. गल्लीत त्याला काटेकाका म्हणत. आडनाव नव्हे ते, घड्याळाच्या काट्यांवरून पडलेलं नाव. शेजारचा इस्त्रीवाला नव्या माणसाला बजावायचा, "काकांना वेळ विचारू नका राव. सेकंदासकट सांगतात, तोवर बस निघून जाते." काका त्यावर हसायचे नाहीत. चुकीची वेळ सांगणं त्यांच्या लेखी चोरी होती. दुसऱ्याच्या आयुष्यातली मिनिटं आपण का लांबवावीत?

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, शीर चाचपायची, "मूठ आवळा" म्हणायचं. चार वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून परत आली होती. नवऱ्यानं मारलं नव्हतं की उपाशी ठेवलं नव्हतं. तो फक्त खोटं बोलायचा. लहान, मोठं, गरज असो नसो. शेवटी शेवटी तो "बाहेर ऊन आहे" म्हणाला तरी तिला खिडकीतून हात बाहेर काढून पाहावा लागायचा. माहेरी आल्यावर सात महिने ती "हो", "नको" आणि "जेवले" यापलीकडे बोलली नाही. मग एका संध्याकाळी प्रयोगशाळेच्या जिन्याखाली सापडलेलं पिल्लू डब्याच्या पिशवीत घालून घेऊन आली. नाक कोटाच्या बटणासारखं काळं, गोल. म्हणून बटण्या. त्यानं काकांची चप्पल पळवली तेव्हा ती त्याला तोंड भरून रागावली, आणि काका स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. देव कुठल्या रूपानं दार ठोठावील, नेम नाही. त्या घरी तो चार पायांवर आला.

आता काकांचा आजार साखरेचा. मागल्या थंडीत पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती दोन महिने भरेना. लेकीनं रोज सकाळी ती धुतली, बांधली. खपली धरली त्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आता गोड बंद. लपून खाणार असाल तर आत्ताच सांगा, मी रागावेन आणि सोडून देईन. पण खोटं सांगू नका. आणखी एका माणसाचं खोटं पचवायची ताकद माझ्यात उरलेली नाही."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या गळ्याची आण."

आण घेतली ती मनापासून, यात शंका नको. पण जीभ म्हणजे सत्तर वर्षं लाडावलेलं पोर. निवृत्त पोस्टमास्तरीणबाई काकांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला, येताना चॉकलेटं आणायचा. त्या काकांना म्हणाल्या, "अहो घ्या, हे काळं आहे. इतकं कडू की माझ्यानं खाववत नाही. साखर नावालाच." वेष्टनावर पंच्याऐंशी टक्के कोको असं लिहिलं होतं. काकांनी मनातल्या मनात निवाडा केला. कडू ते औषध. औषध म्हणजे गोड नव्हे. म्हणजे आण मोडली नाही. वकील आपणच आणि न्यायाधीशही आपणच असलो की खटला झटपट निकालात निघतो.

घड्याळजींच्या टेबलाला पोटाशी एक रुंद, उथळ खण असतो. काम करताना तो बाहेर ओढून ठेवायचा, म्हणजे हातून निसटलेला स्क्रू जमिनीवर न जाता त्यात पडतो. या खणाला घरात कुणी हात लावत नसे. लेक एकदा त्याच्यासमोर शिंकली होती आणि केसाहून बारीक एक स्प्रिंग जी उडाली ती आजतागायत सापडली नाही. तेव्हापासून ती त्या टेबलापासून दोन हात लांबूनच बोलायची. काकांनी चॉकलेट ठेवलं ते त्याच खणात, मागच्या कोपऱ्यात.

त्या सकाळी दहा चौकोनांपैकी दोन त्यांनी जिभेवर विरघळवले. चांदीचा कागद मिटतात न मिटतात तोच बाहेरून पोस्टमास्तरीणबाईंची हाक आली. भिंतीवरचं मोठं घड्याळ त्या गाडीत घालून घेऊन आल्या होत्या आणि ते त्यांच्यानं उचलवत नव्हतं. काका गेले. खण तसाच उघडा राहिला. घड्याळ उतरवलं, त्याचा आजार विचारला, मग बाईंचा विचारला, आणि ती यादी लांबली. त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर घड्याळ छातीशी धरून ते आत आले.

टेबलाखाली बटण्या बसला होता. दोन पंजांत चांदीचा कागद धरून चाटत होता. तोंडाला तपकिरी मिशा. काकांना पाहून त्यानं शेपटी जमिनीवर आपटली, जसं काही काकांनीच वाढलं होतं.

काकांची नजर सवयीनं भिंतीवर गेली. अकरा वाजून सतरा मिनिटं.

कुत्र्याला काय चालत नाही ते काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. फ्रिजच्या दारावर लेकीच्या अक्षरात यादी होती. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट. चॉकलेटच्या खाली दोन रेघा. काकांनी आधी फरशी पुसली. मग बटण्याचं तोंड पुसलं. मग तो कागद घडी घालघालून नखाएवढा केला आणि भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाच्या पोटात, लंबकाच्या मागे सारला. हे सगळं त्यांच्या हातांनी केलं. हात थांबले तेव्हा मन भानावर आलं, आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"बोला बाबा, पटकन. माणूस समोर बसलाय, मूठ आवळून."

"बटण्यानं... चॉकलेट खाल्लं गं थोडं."

"काय? कुठलं? घरात चॉकलेट कुठून आलं?"

इथं, बरं का, एका श्वासाएवढी जागा होती. त्या जागेत खरं मावलं असतं. काका म्हणाले, "एक बाई आल्या होत्या गिऱ्हाईक, त्यांच्या नातवाच्या हातातून पडलं."

"किती?"

"एक तुकडा."

"काळं का दुधाचं?"

"दुधाचं असावं. पोरं तेच खातात."

"कधी?"

"अकरा सतराला."

पलीकडे तिनं श्वास सोडलेला ऐकू आला. "थांबा, बटण्याच्या डॉक्टरबाईंना विचारते."

पाच मिनिटांत तिचा फोन आला. आवाज हलका झालेला. "काही नाही होणार म्हणाल्या. नऊ किलोच्या कुत्र्याला दुधाच्या एका तुकड्यानं काही होत नाही. पाणी ठेवा, लक्ष ठेवा. काळं असतं तर मात्र असाल तसे पळत या म्हणाल्या असत्या. जितकं कडू तितकं कुत्र्याला वाईट. दोन तासांच्या आत एक इंजेक्शन दिलं की सगळं ओकून टाकतात, मग भीती नाही. बरं झालं बाबा, तुम्ही वेळ बघून ठेवलीत. दुसरं कुणी असतं तर 'मघाशी कधीतरी' म्हणालं असतं."

काका म्हणाले, "हं."

त्या "हं"मध्ये काय काय होतं ते देवाला ठाऊक. बाराला अजून पंधरा मिनिटं होती. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. बटण्या उन्हाच्या तुकड्यात आडवा पडून पंजा चाटत होता, अगदी ठणठणीत. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मनाला म्हणाले, दिसतोय तर बरा. आता खरं सांगायचं म्हणजे दोनदा सापडायचं, एकदा खाण्यात आणि एकदा बोलण्यात. आणि ती काय म्हणाली होती? आणखी एका माणसाचं. खोटं बोलणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव तिनं आजवर धरलं नव्हतं. तिच्या लेखी जगात एकच माणूस उरला होता, ज्याच्या शब्दानंतर खिडकीतून हात बाहेर काढावा लागत नाही.

मग काका देवाशी बोलू लागले. कीर्तनाला पुढच्या रांगेत बसणारा माणूस, देवाशी बोलायची सवय होतीच. देवा, एवढ्या वेळी सांभाळून घे. पुन्हा तोंडाला लावणार नाही. माणूस असाच असतो हो. ज्या दाराची कडी आपल्या हातात आहे ते दार उघडायला देवाला बोलावतो.

एक वाजला. सातही घड्याळांनी तो सांगितला. बटण्या उठला, पाणी प्याला, पुन्हा प्याला. दीडला भांडं रिकामं झालं. दोनला तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला. बसायचा आणि लगेच उठायचा, जमीन तापल्यासारखा. अडीचला कोपऱ्यात जाऊन तपकिरी पाणी ओकला. काकांनी ते पुसलं. "निघालं सगळं," ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.

तीनच्या सुमारास तो थरथरू लागला. जीभ बाहेर, डोळे मोठे, आणि मागचे पाय आपले नसल्यासारखे. काका टेबल सोडून जमिनीवर बसले. त्यांनी त्याच्या बरगडीला कान लावला आणि हातात कळ दाबून थांबवायचं घड्याळ धरलं. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं, कान लावायचा आणि आतलं काय दुखतंय ते ठोक्यावरून ओळखायचं. मिनिटाला एकशे नव्वद. त्यांनी पुन्हा मोजले. एकशे ब्याण्णव. आणि मधेच एक ठोका गायब, मग दोन एकदम, घाईघाईनं, पायरी चुकलेल्या माणसासारखे. घड्याळ असं चालू लागलं की काका गिऱ्हाइकाला सांगायचे, आता हे चालवू नका, थांबेल.

त्यांनी उठून दुसऱ्या घड्याळाच्या पोटातून कागद काढला, खिशात घातला आणि बटण्याला उचललं. नऊ किलो. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांना नऊ किलो म्हणजे काय ते गुडघ्यांनाच विचारावं. इस्त्रीवाला दारात आला.

"काय झालं काका? विषबाधा? मिठाचं पाणी पाजा, भडाभडा ओकेल. आमच्या गावी..."

"काही पाजायचं नाही."

"अहो, जुना उपाय आहे."

"जुना असेल. लेकीला फोन कर माझ्या. म्हणावं, दवाखान्यात ये."

"आणि घर उघडंच?"

काका उत्तर द्यायला थांबले नाहीत.

दोन गल्ल्यांत ते तीनदा थांबले. एकदा सायकलच्या दुकानापाशी, एकदा शाळेच्या भिंतीला टेकून, एकदा उगाच, पाय पुढे पडेना म्हणून. बटण्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्याचं काळीज त्यांच्या काळजावर आपटत होतं. नाव घ्यावं म्हटलं तर देवाचं नावही जिभेवर येईना. त्या जिभेवर आज दुसरंच काही बसलं होतं.

डॉक्टरबाईंनी कुत्र्याला पत्र्याच्या टेबलावर घेतलं आणि नळी लावून ऐकलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? सकाळी फोन आला होता तोच ना हा?"

तेवढ्यात लेक धावत आली. अंगावर पांढरा कोट तसाच, खिशातून रबराची पट्टी लोंबतेय. तिनं बटण्याच्या तोंडाला हात लावला, मग बापाच्या पाठीला. "बाबा, बसा आधी. घामानं भिजलात."

"एक तुकडा दुधाचं म्हणालात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यानं असं होत नाही. त्यानं काहीतरी वेगळं खाल्लंय. घरात उंदराचं औषध? झुरळांचं?"

"काही नाही घरात," लेक म्हणाली.

"रस्त्यावर काही उचललं असेल. नीट आठवा. उंदराच्या औषधाचा उपचार वेगळा, मी चुकीच्या वाटेनं गेले तर वेळ जाईल. चॉकलेट नक्की तेवढंच होतं?"

"तेवढंच," लेक म्हणाली. "बाबांनी स्वतः पाहिलंय. अकरा सतराला. डॉक्टर, माझे बाबा मिनिटाची चूक करत नाहीत. त्यांनी एक म्हटलं म्हणजे एक."

ती हे बोलली आणि काकांना वाटलं, हिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी खिशात हात घातला. नखाएवढी घडी पत्र्यावर ठेवली. ज्या बोटांनी केसासारख्या स्प्रिंगा बसवल्या, त्यांना चांदीचा कागद उलगडेना. शेवटी डॉक्टरबाईंनी तो उलगडला.

"माझं आहे," काका म्हणाले. "काळं. दहा चौकोन होते. दोन मी खाल्ले. आठ त्यानं. नातू-बितू कुणी नव्हता. खण मी उघडा टाकला."

लेकीचा हात बापाच्या पाठीवर होता. तो तिनं झटकला नाही. हळूच काढून घेतला, जसं ती रक्त काढून झाल्यावर सुई काढत असेल.

डॉक्टरबाई मात्र थांबल्या नाहीत. "तेव्हाच आणला असता तर एका इंजेक्शनचं काम होतं," त्या कुत्र्याच्या पायावरचे केस भादरता भादरता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आता ओकवता येणार नाही, झटका आला तर श्वासात जाईल. शिरेतून पाणी लावते. काळजाचे ठोके उतरवायचं औषध देते. थरथर थांबली की कोळशाची भुकटी पाजू, पोटात राहिलंय ते धरून ठेवते. लघवीची नळीही घालावी लागेल, नाहीतर तेच विष मूत्राशयातून पुन्हा रक्तात शिरतं. उद्या दुपारपर्यंत मला काही विचारू नका."

पुढच्या तासाभरात बटण्याला दोन झटके आले. दोन्ही वेळा लेकीनं त्याचं डोकं धरलं. काका दारात उभे राहिले. त्यांना कुणी जा म्हणालं नाही आणि ये म्हणालं नाही.

साडेपाचला डॉक्टरबाईंनी दोघांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी. समोर मांजराची पेटी घेऊन बसलेली एक बाई त्यांच्याकडे पाहून हसली, मग चूक झाल्यासारखी मान वळवली.

लेक बोलली. समोर पाहत.

"कधीपासून खाता?"

"अंगठा बरा झाल्यावर महिन्यानं. एकूण चार वेष्टनं. हे चौथं."

"मी सकाळी परत फोन केला. काळं असतं तर पळत या, असं सांगितलं तुम्हाला. तेव्हा कळलं होतं?"

"कळलं होतं."

"आणि तुम्ही 'हं' म्हणालात."

"हं म्हणालो."

तिनं कोटाच्या खिशातली रबराची पट्टी काढली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "अकरा सतरा तरी खरं होतं?"

"ते खरं होतं."

"तेच खोटं सांगायचं होतंत ना बाबा. 'मघाशी कधीतरी' म्हणाला असतात तर मला शंका आली असती. मी उठून घरी आले असते." तिनं पट्टी मुठीत आवळली. "तुम्ही मिनिट बरोबर सांगितलंत, म्हणून मी बाकीचं सगळं गिळलं."

काकांना पुष्कळ बोलायचं होतं. तुझ्या भीतीनं, तुझ्या मायेनं, त्या यादीत नाव लागू नये म्हणून. पण त्यांना उमगलं की यातलं प्रत्येक वाक्य पुन्हा वकिलाचंच आहे. ते म्हणाले, "चुकलं माझं." कीर्तनात ऐकलेल्या साऱ्या कथांमधून त्यांना तेवढे दोनच शब्द हाती लागले.

बटण्या वाचला, हे सांगून टाकतो, नाहीतर तुमची झोप उडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी काळीज ठिकाणावर आलं, तिसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरबाईंचा पेन चावला, तेव्हा त्या म्हणाल्या, "घेऊन जा आता याला." लेकीनं त्याला उचललं. काकांनी हात पुढे केले होते. तिनं ते पाहिले आणि म्हणाली, "राहू द्या, मी घेते." रस्त्यानं ती पुढे आणि काका चार पावलं मागे. बटण्या तिच्या खांद्यावरून मागे पाहून काकांकडे शेपटी हलवत होता. त्याच्या दरबारात खटला उभाच राहिला नव्हता.

लेक बोलते. सात महिन्यांचं मौन पुन्हा आलं नाही, एवढी देवाची कृपा. पण परवा सकाळी तिनं कामावर जाताना विचारलं, "बाबा, किती वाजले?" काकांनी सांगितलं, "आठ वाजून चार." तिनं मान हलवली, चप्पल घातली, आणि दारातून बाहेर पडताना स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. काकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा पुन्हा बरोबर वेळ सांगितली. तिसऱ्या दिवशीही. ती अजून मनगटाकडे पाहते. काका रोज सांगतात.

तेव्हा आज घरी जाल, दिवा लावाल, आपापल्या माणसांसाठी हात जोडाल, तेव्हा शेवटी क्षणभर त्या म्हाताऱ्याचीही आठवण काढा. खरं घेऊनच तो गेला हो, फक्त साडेतीन तास उशिरा गेला. त्याच्या लेकीची नजर एखाद्या सकाळी मनगटाकडे न जावो, एवढं त्याच्या वतीनं मागा. तो स्वतः मागत नाही, लाजतो.